डाय-कास्ट व्हॅल्किरी: निवड, तपासणी आणि पुण्याच्या हवेतील जपणूक

व्हीएफ-१ व्हॅल्किरी या काल्पनिक लढाऊ विमानाचे डाय-कास्ट, म्हणजे साच्यात धातू ओतून बनवलेले, मॉडेल प्रथम हातात घेतले की रंगाच्या आधी वजन जाणवते. त्याच मापाचे प्लॅस्टिकचे मॉडेल तळहातावर असल्याचे पाहून कळते, हे मनगटाला कळते. या वजनासाठीच आपण जास्तीचे पैसे मोजतो आणि पुढे मॉडेलला जडणारी बहुतेक दुखणीही याच वजनातून आणि ज्या धातूमुळे ते येते त्या धातूतून उद्भवतात. एवढे ध्यानात राहिले तर निवडीपासून साठवणीपर्यंतचे नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत. भोसरीच्या एका टूलरूममध्ये डाय-कास्टिंगचे साचे दुरुस्त करण्यात माझी नोकरी गेली आणि हा छंद पुतण्यामुळे निवृत्तीनंतर लागला, त्यामुळे पुढच्या विवेचनात कारखान्याची भाषा थोडी अधिक आली तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

विमान ओळखणे

हे विमान जपानी दूरचित्रवाणीवर ऑक्टोबर १९८२ ते जून १९८३ या काळात दाखवलेल्या ‘सुपर डायमेन्शन फोर्ट्रेस मॅक्रॉस’ या ॲनिमे मालिकेतले आहे आणि त्याची रचना शोजी कावामोरी यांची आहे. त्यांनी अमेरिकी नौदलाच्या एफ-१४ टॉमकॅटचा आधार घेतला. मागे-पुढे सरकणारे पंख, दोन इंजिने आणि दोन शेपट्या ही त्याचीच ठेवण. फरक असा की हे विमान फायटर रूपातून पाय फुटलेल्या गरवॉक रूपात आणि तिथून माणसासारख्या उभ्या बॅट्रॉइड रूपात जाते. १९८५ मध्ये अमेरिकेत हीच चित्रे ‘रोबोटेक’ या नव्या मालिकेत वापरली गेली आणि पात्रांची काही नावे बदलली. म्हणून एका खोक्यावर हिकारू इचिजो आणि दुसऱ्यावर रिक हंटर असे नाव दिसले तरी विमान एकच आहे, त्यातले एक नक्कल असल्याचा संशय घेऊ नये.

खरेदीपूर्वी विमानाचा उपप्रकार आणि रंगसंगती यांचा मेळ पाहणे आवश्यक आहे. फायटर रूपात यंत्रमानवाचे डोके विमानाच्या पोटाखाली दुमडलेले असते. त्या डोक्यावर लेझरची एक नळी असेल तर ते व्हीएफ-१ए, दोन असतील तर बहुधा व्हीएफ-१जे आणि चार असतील तर व्हीएफ-१एस. मालिकेत हिकारूचे पांढऱ्यावर लाल पट्ट्यांचे विमान ‘जे’ प्रकारचे आहे. त्याचा वरिष्ठ वैमानिक रॉय फोकर याचे पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे, शेपटीवर कवटी असलेले विमान ‘एस’ प्रकारचे आहे, आणि ती सजावट अमेरिकी नौदलाच्या व्हीएफ-८४ ‘जॉली रॉजर्स’ या तुकडीवरून सुचलेली आहे. विक्रेत्याने पाठवलेल्या छायाचित्रात पोटाखालची बाजू नसेल तर ती अवश्य मागावी, कारण सुटे भाग जुळवून तयार केलेले विमान तिथेच उघडे पडते.

आता माप. मालिकेच्या अधिकृत तपशिलांनुसार फायटर रूपात विमानाची लांबी १४.२३ मीटर आहे आणि पंख पूर्ण उघडल्यावर त्यांचा विस्तार १४.७८ मीटर होतो. म्हणजे १:७२ या प्रमाणात मॉडेल सुमारे १९.८ सेंटीमीटर लांब आणि २०.५ सेंटीमीटर रुंद भरते. १:६० प्रमाणात लांबी सुमारे २३.७ सेंटीमीटर होते. हे विमान लांबीपेक्षा किंचित रुंद आहे, ही गोष्ट शोकेसची मापे देताना हमखास विसरली जाते.

स्थिर की रूप बदलणारे

बाजारात दोन जाती आहेत. एक स्थिर मॉडेल, ज्यात विमानाचा धडाचा भाग मुख्यतः ओतीव धातूचा असतो आणि फार तर पंख सरकतात व चाके बसवता-काढता येतात. दुसरे रूप बदलणारे मॉडेल, ज्यात धातू मोजक्या सांध्यांपुरता आणि पायांपुरता असतो व बाकी सारे एबीएस प्लॅस्टिक असते. खोक्यावर ‘डाय-कास्ट’ हा शब्द दोघांच्याही असतो, तेव्हा केवळ त्या शब्दावर विसंबू नये. काही जपानी खेळण्यांवर ‘चोगोकिन’ असेही लिहिलेले असते. त्याचा अर्थ महामिश्रधातू असा होतो आणि १९७४ पासून खेळण्यांच्या व्यापारात तो रूढ आहे, पण आत असते ते नेहमीचे जस्ताचे मिश्रधातूच.

पहिलेच मॉडेल घेणाऱ्याने स्थिर प्रकार घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. रूप बदलणाऱ्या मॉडेलमध्ये जड धातूचा पाय प्लॅस्टिकच्या बारीक खुंटीवर लोंबतो आणि ती खुंटी प्रत्येक रूपांतरात झिजते. ज्याला ते रूपांतर पाहण्यातच आनंद आहे त्याने तेच घ्यावे, पण मग वर्षातून दोन-तीन वेळांपेक्षा अधिक ते करू नये.

परदेशातून मागवताना किमतीबरोबर सीमाशुल्काचा हिशेब धरावा. भारतात खेळण्यांवरील मूलभूत सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर नेले गेले. एकट्या पार्सलला कोणता दर लागेल हे त्याची नोंद कोणत्या वर्गात होते यावर ठरते, म्हणून कुरिअर कंपनीला तो आधीच विचारून घ्यावा. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात व्हॅल्किरी सापडेल अशी आशा धरू नये; मला तिथे एका रविवारी घड्याळजीचे दहापट भिंग मात्र मिळाले आणि पुढच्या कामासाठी तेवढे पुरते.

ओतकाम वाचणे

ही मॉडेले बहुधा झॅमॅक नावाच्या मिश्रधातूत ओततात. त्यात जस्ताबरोबर सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम असते, ते ३८५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते आणि पोलादी साच्यात दाबाने भरले जाते. घनतेत ते एबीएस प्लॅस्टिकच्या सहापट भरते. साच्याचे दोन अर्ध जिथे मिळतात तिथे भागावर पार्टिंग लाइन उमटते, धातू आत शिरतो तिथे गेटची खूण राहते आणि भाग बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनांचे गोल ठसे उमटतात. या तिन्ही खुणा असणे हा दोष नाही. त्या कुठे आहेत, हे पाहायचे असते. चांगल्या साचेकाराने पार्टिंग लाइन विमानाच्या कडेवर किंवा पॅनेलच्या रेघेवर आणलेली असते आणि इजेक्टरचे ठसे आतल्या बाजूला लपवलेले असतात. नाकाच्या मधोमध कानशीने घासलेला सपाट पट्टा दिसला तर ते काम घाईचे समजावे.

तपासणी संध्याकाळी, खोलीतला दिवा बंद करून करावी. मॉडेल मऊ टॉवेलवर ठेवून मोबाइलचा उजेड पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, अगदी तिरपा टाकावा आणि भिंगातून नाकापासून शेपटीपर्यंत सावकाश पाहत जावे. समोरून पडलेल्या उजेडात जे गुळगुळीत दिसते ते तिरप्या उजेडात उंच-सखल दिसू लागते. पंखाच्या मुळाशी केसासारखी एकच वळणदार रेघ असेल आणि तिच्या कडा गोलसर असतील, तर तो कोल्ड शट होय. धातूचे दोन प्रवाह भेटेपर्यंत थंड झाल्याने ते एकजीव झाले नाहीत. दिसायला तो खटकतो, पण सहसा वाढत नाही. रंगाखाली मोहरीएवढा फुगवटा असेल तर आत अडकलेली हवा रंग भाजताना फुगलेली असू शकते, आणि तोही बहुधा स्थिर राहतो.

खरी भीती वेगळ्या रेघांची असते. जुन्या मॉडेलवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या फांद्या फुटलेल्या बारीक भेगा, त्यांच्या कडा धारदार आणि त्यांच्याजवळचा भाग किंचित सुजलेला, असे चित्र दिसले तर ती जस्ताची कीड समजावी. नावात कीड असली तरी यात कोणताही जीव नसतो. मिश्रधातूत शिसे किंवा कथील प्रमाणाबाहेर राहिले की ते जस्ताच्या कणांच्या सीमांवर साचते, दमट हवेत तिथून आतल्या आत क्षरण सुरू होते आणि भाग फुगून तडकतो. म्हणूनच चांगल्या प्रतीच्या झॅमॅकमध्ये शिशाची कमाल मर्यादा ०.००५ टक्के ठेवलेली असते आणि आमच्या कारखान्यात शिसे-कथिलाच्या सोल्डरची तार भट्टीच्या आसपास आणलेली कोणी खपवून घेत नसे. ही कीड शेजारच्या मॉडेलला लागत नाही, पण लागलेल्या मॉडेलवर उपायही नाही, त्यामुळे असे मॉडेल कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. याउलट रंग उडालेल्या जागी खडूसारखी पांढरी पूड दिसली तर तो जस्ताचा वरवरचा पांढरा गंज असतो; कोरड्या मऊ ब्रशने तो झटकावा आणि मॉडेल कोरड्या जागी हलवावे.

पुतण्याने पहिल्याच तपासणीत विचारले होते, “काका, हे आतून भरीव आहे का?” नाही. भरीव ओतला तर जाड भाग थिजताना आत पोकळ्या धरतो आणि बाहेरून खळगे पडतात, म्हणून भिंत शक्य तितकी सारख्या जाडीची ठेवतात. त्याच्या विमाननगरच्या खिडकीवरून लोहगावच्या सुखोई-३० रोज गर्जत जातात आणि या मुलाचा जीव कधीही न उडालेल्या विमानात अडकला आहे, याचे मला अजून नवल वाटते.

पहिली जुळवणी

खोके उघडल्यावर मॉडेल पंखांना धरून उचलू नये. दोन्ही हातांची बोटे धडाखाली घालून उचलावे. हात साबणाने धुऊन कोरडे केलेले असावेत, कारण घामातले क्षार उघड्या धातूवर आणि डिकलच्या, म्हणजे चिकटवलेल्या चिन्हांच्या, कडांवर राहतात. पंख पहिल्यांदा सरकवताना रंग रंगाला चिकटलेला असण्याची शक्यता असते. अशा वेळी टोक धरून ओढू नये, मुळाजवळ धरून केसभर पुढे व केसभर मागे असे सात-आठ वेळा हलवावे, मग तो सुटतो. दोन्ही पंख आतल्या दात्यांनी जोडलेले असतील तर एक हलवला की दुसरा हलतो, म्हणून दुसरा दाबून धरलेला नाही याची खात्री करावी.

सांधा घट्ट वाटला तर त्यात शिवणयंत्राचे तेल घालण्याचा मोह होतो आणि मी तो केला होता. काही आठवड्यांत सांध्याजवळच्या प्लॅस्टिकला केसासारखी चीर गेली आणि पाझरलेल्या तेलावर पंखावरचे चिन्ह चक्क तरंगू लागले. खनिज तेल ताणाखालच्या प्लॅस्टिकला मानवत नाही हे मला ठाऊक असायला हवे होते, पण चाळीस वर्षे पोलादाला तेल पाजलेल्या हाताला ते सुचले नाही. गरज असेल तिथे शुद्ध सिलिकॉन तेलाचा एक थेंब टाचणीच्या टोकाने द्यावा. सांधा सैल झाला असेल तर खुंटी बाहेर काढून तिच्यावर पांढऱ्या फेव्हिकॉलचा पातळ थर द्यावा, तो एक रात्र पूर्ण वाळू द्यावा आणि मगच खुंटी परत बसवावी. सुपरग्लू वापरू नये. त्याची वाफ कॅनोपीच्या, म्हणजे वैमानिकाच्या आसनावरील झाकणाच्या, पारदर्शक प्लॅस्टिकवर बसून पांढुरकी साय धरते. कॅनोपी पुसण्यासाठी थिनर किंवा स्पिरिटही वापरू नये, साबणाच्या सौम्य पाण्यात भिजवून पिळलेले चष्म्याचे कापड पुरते.

तोल आणि मांडणी

स्टँडवर ठेवण्यापूर्वी मॉडेलचा गुरुत्वमध्य शोधावा. टेबलावर जाड टॉवेल अंथरून त्यावर सहा इंची पट्टी आडवी, कडेवर उभी धरावी, तिच्यावर विमान पोटाने टेकवून पुढे-मागे सरकवावे आणि जिथे ते क्षणभर स्थिर राहते ती जागा पेन्सिलीने कागदावर नोंदवावी. स्टँडची दांडी या जागेपासून दूर येत असेल तर विमान नाकावर किंवा शेपटीवर झुकत राहते आणि दांडीच्या सांध्यावर रात्रंदिवस ओढ बसते. जस्ताचे मिश्रधातू साध्या खोलीच्या तापमानालाही सततच्या भाराखाली हळूहळू सरपटते, म्हणजे कायमचे वाकते, आणि प्लॅस्टिक तर त्याहून लवकर. आज सरळ दिसणारे नाक दोन उन्हाळ्यांनंतर खाली पाहू लागते ते यामुळे.

विमान चाकांवर उभे ठेवायचे असेल तर पोटाखाली अ‍ॅक्रिलिकचा छोटा ठोकळा सरकवून भार त्याच्यावर घ्यावा, म्हणजे चाकांच्या बारीक दांड्या केवळ शोभेपुरत्या राहतात. चाकांचे टायर मऊ पीव्हीसीचे असतील तर ते पारदर्शक प्लॅस्टिकला टेकू देऊ नयेत, कारण त्यातले मऊपणा आणणारे द्रव्य बाहेर येऊन खालचा पृष्ठभाग चिकट करते. ठोकळ्यावर आणि टायरखाली साधा कागद ठेवला तरी चालतो.

१:७२ च्या मॉडेलसाठी शोकेसची आतली रुंदी आणि खोली प्रत्येकी २६ सेंटीमीटरपेक्षा कमी नसावी, नाहीतर पंख उघडताना टोक काचेला लागते. पंख मिटूनच ठेवायचे असतील तर रुंदीत पुष्कळ बचत होते, कारण मिटलेल्या पंखांचा विस्तार या प्रमाणात सुमारे ११.५ सेंटीमीटर भरतो. केस अ‍ॅक्रिलिकची करून घ्यावी. कोपरे सिलिकॉनने भरायचे असतील तर बोहरी आळीत नळी घेताना ती ‘न्यूट्रल’ प्रकारची असल्याचे वाचून घ्यावे. ज्या सिलिकॉनला वाळताना व्हिनेगरसारखा वास येतो त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते आणि बंद केसमध्ये ते जस्ताला खाते. नव्या प्लायवूड व एमडीएफच्या कपाटातूनही अशी आम्लधर्मी वाफ बराच काळ येत राहते, म्हणून घराचे फर्निचर नुकतेच झाले असेल तर काही महिने मॉडेल उघड्या शेल्फवर ठेवलेले बरे.

पावसाळा

पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये सकाळची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि नदीकाठच्या तळमजल्याच्या घरांत भिंतीच ओल धरतात. केसमध्ये छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवावा आणि आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखण्याचा प्रयत्न करावा. त्यासाठी सिलिका जेल हा सर्वांत सोपा उपाय आहे. निळे जेल ओल शोषल्यावर गुलाबी होते, पण त्यात कोबाल्टचे क्षार असतात, म्हणून घरात लहान मुले असतील तर नारिंगी जेल घ्यावे. रंग पालटला की ते ओव्हनमध्ये सुमारे ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवावे आणि झाकणबंद बरणीत गार करूनच परत ठेवावे. गरम पुडी केसमध्ये ठेवली तर आतल्या डिकलच्या कडा उचकटतात. ज्या ट्रेमध्ये जेल तापवतो तो स्वयंपाकासाठी पुन्हा वापरू नये, आणि हे घरातल्यांना स्वतः सांगावे, कारण न सांगितल्याचे परिणाम मी ऐकून घेतले आहेत.

मूळ खोके आणि आतला फोम यांचाही विचार करावा. पॉलियुरेथेनचा फोम दमट उष्ण हवेत काही वर्षांनी चिकट होतो आणि त्याचे कण रंगात रुततात, म्हणून मॉडेल त्यात दीर्घकाळ ठेवू नये. ठेवणे भागच असेल तर आम्लरहित टिश्यू कागदात गुंडाळावे. रिकामे खोके माळ्यावर टाकण्याची आपली सवय इथे बाधते. स्लॅबखालचा माळा एप्रिल-मेमध्ये तापतो, पावसाळ्यात ओल धरतो आणि तिथली कसर खोक्यावरची छपाई खाते. कपाटाच्या मधल्या कप्प्यात खोके उभे ठेवावे. कसरीसाठी डांबरगोळ्या मात्र मुळीच ठेवू नयेत, कारण नॅफ्थलीनची वाफ पॉलिस्टायरीन प्लॅस्टिक मऊ करते आणि पारदर्शक भाग धुरकट होतात. वाळलेली कडुनिंबाची पाने कागदी पाकिटात घालून खोक्याबाहेर ठेवली तर नुकसान तरी होत नाही.

ऊन व धूळ

पश्चिमेच्या खिडकीसमोर मॉडेल ठेवू नये. मे महिन्यात चारनंतरचे ऊन सरळ आत येते, त्यातली अतिनील किरणे पांढऱ्या एबीएसला पिवळसर करतात आणि लाल पट्टे आधी फिके होतात. धुळीसाठी तुळशीबागेत मिळणारा मऊ मेकअप ब्रश उत्तम; तो कोरडाच वापरावा आणि शेपटीकडून नाकाकडे न नेता नाकाकडून शेपटीकडे न्यावा, म्हणजे ब्रशचे केस अँटेना आणि लेझरच्या नळ्यांमध्ये अडकत नाहीत. घरकामाला येणाऱ्या ताईंना या एका शेल्फवर ओले फडके फिरवू नका, असे नम्रपणे पण स्पष्ट सांगून ठेवावे. गणपतीच्या दहा दिवसांत आणि दिवाळीत केस बंद असावी, कारण उदबत्ती आणि फटाके यांची काजळी तेलकट असते आणि ती कोरड्या ब्रशने निघत नाही.

दसऱ्याला मी केस उघडतो. पावसाळा सरलेला असतो, म्हणून तिरपा उजेड टाकून वर सांगितलेली तपासणी पुन्हा एकदा नाकापासून शेपटीपर्यंत करतो, स्टँडचे स्क्रू पाहतो आणि जेल बदलतो. आमच्या टूलरूममध्ये या दिवशी प्रत्येक मशीनला झेंडूची माळ आणि हळदकुंकू लागे, तेव्हा पुतण्याला व्हॅल्किरीचीही पूजा करावीशी वाटते. करण्यास हरकत नाही. हळद पांढऱ्या रंगात शिरली की निघत नाही, म्हणून बोट केसच्या बाहेरच्या बाजूला लावावे आणि फूल झाकणावर ठेवावे.